रिळाच्या मधला तुकडा

कारखान्यात त्यांना समोर ‘ताई’ म्हणत आणि पाठीमागे ‘पंधरा मिनिटं’. रीळ पास झालं का, गाडी भरायला सोडू का, जेवायला येताय का, कोणी काहीही विचारो, त्यांचं उत्तर एकच असे. त्यात आखडूपणा नव्हता. त्यांच्या भट्टीला तेवढाच वेळ लागायचा. पण एकोणीस वर्षं एकच उत्तर ऐकल्यावर लोक प्रश्न विचारायचं सोडून देतात. जेवायला येताय का, हे तर केव्हाच बंद झालं होतं.

तपासणीची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. तिच्यापुढे फक्त भंगाराचं शेड. खोलीत एक लहान भट्टी, एक काटा, एक कपाट आणि एक स्टूल. पूर्वी दोन स्टुलं होती. दुसरं ऑफिसातल्या कोणी तरी ‘जरा नेतो’ म्हणून नेलं. ताईंनी ते परत मागितलं नाही. मागून बसवायचं कोणाला?

घरी आई होती. ती गेल्याला दोन वर्षं झाली होती. भाऊ आणि वहिनी दुसऱ्या शहरात. भाऊ रविवारी सकाळी फोन करायचा, चार मिनिटं बोलायचा आणि मग फोन वहिनीकडे द्यायचा. वहिनी विचारायची, ‘काय वन्सं, नवीन काय?’ ताई म्हणायच्या, ‘नवीन काय असणार?’ आणि ते शंभर टक्के खरं असायचं.

कारखाना आकसणाऱ्या नळ्या बनवायचा. रस्त्याखाली विजेच्या दोन केबली जोडल्या की सांध्यावर ही काळी नळी सरकवतात आणि गॅसच्या ज्योतीने शेकतात. नळी आकसते आणि सांध्याला कातडीसारखी चिकटते. पाणी आत शिरत नाही. बघणाऱ्याला जादू वाटते, पण त्यामागे सरळ हिशेब आहे. साधं प्लास्टिक तापवलं तर ते वितळून ओघळतं. आधी आपण कसे होतो, हे त्याच्या लक्षात राहत नाही, कारण त्यातले लांब लांब धागे सुटे असतात. या नळीचं तसं नसतं. ती आधी अरुंद बनवतात. मग जाड भिंतींच्या खोलीत इलेक्ट्रॉनच्या झोताखालून नेतात. तिथे आतले धागे एकमेकांना जागोजाग बांधले जातात, सगळ्या नळीचं मिळून एक जाळं होतं. नंतर ती तापवून तिप्पट रुंद ताणायची आणि ताणलेलीच गार करायची. गार असेपर्यंत ती मुकाट रुंद राहते. पुन्हा आच लागली की गाठी ओढ घेतात आणि नळी मूळ मापावर येते.

खरी गोम गाठी किती, यात. कमी पडल्या तर नळी अर्धवट आकसते, मऊ होऊन लोंबते. जास्त झाल्या तर कडक होते आणि ताणतानाच फाटते. गाठी बरोबर पडल्यात की नाही, एवढं एक सांगणं हे ताईंचं काम.

त्याची रीत सोपी होती. झोताखालून आलेल्या रिळाचा तुकडा घ्यायचा, डमरूच्या आकारात कापायचा. मधल्या बारीक भागावर वीस मिलिमीटर अंतराने दोन रेघा ओढायच्या. खाली वजन लटकवून दोनशे डिग्रीच्या भट्टीत टांगायचा. पंधरा मिनिटांनी काचेतून बघायचं: रेघा किती लांब गेल्या? पस्तीसवर असल्या तर उत्तम. पंचावन्नपर्यंत चालतं. त्यापुढे नापास. मग सही.

मंगळवारी पावणेअकराला दारात एक माणूस उभा राहिला. साठीला टेकलेला, हातात कापडी पिशवी, दोन्ही मनगटांवर जुन्या चटक्यांचे डाग.

‘तपासणी इथंच ना? गेटवरचा म्हणाला, सरळ जा, जिथं कोणी नसेल तिथं.’

‘इथंच. काय काम आहे?’

‘मी केबल जॉइंटर आहे.’ त्याने पिशवीतून नळीचा अर्धवट जळका, चुरगळलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला. ‘हा तुमचा माल. गेल्या महिन्यात चौथ्या चौकात सांधा केला, औषधांच्या दुकानासमोर. सातव्या दिवशी पाणी शिरून उडाला. अर्धा भाग दोन दिवस अंधारात. वीज कंपनी म्हणते, मी एकाच जागी ज्योत धरून नळी जाळली.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘मी काय म्हणणार? बत्तीस वर्षं झाली, ताई. चार हजार सांधे केले असतील. एकाच जागी ज्योत धरायला मी काय कणीस भाजतोय?’

ताईंना हसू आलं. त्यांनी ते आवरलं आणि स्टूल पुढे सरकवलं. स्वतः कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

तो सांगत गेला. नळी मधून शेकायला घेतली, ज्योत हलती ठेवली, सगळं नेहमीसारखं. पण नळी आवळेना. ‘आकसली, नाही असं नाही. पण अंगात जीव नसल्यासारखी. बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा. मला तेव्हाच शंका आली, पण वर साहेब घड्याळ घेऊन उभा.’ शुक्रवारपर्यंत लेखी पुरावा दिला नाही तर त्याचं लायसन्स रद्द होणार होतं. ‘साठीला दोन वर्षं कमी. या वयात मला दुसरं कोण ठेवणार? आणि लोक काय म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला.’

ताईंनी तुकड्यावर छापलेला बॅच नंबर पाहिला आणि रजिस्टर काढलं. त्या बॅचसमोर छत्तीस मिलिमीटर लिहिलं होतं. पास. खाली त्यांचीच सही.

‘आमच्याकडे ही बॅच चांगली निघालीय,’ त्या म्हणाल्या.

‘असं.’ त्याने टेबलावरचा तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला. ‘मग माझंच चुकलं म्हणायचं.’

हे तो चिडून म्हणाला असता तर ताईंनी रजिस्टर मिटलं असतं. पण तो खरंच विचार करत होता, आपला हात कुठे चुकला असेल. ते ताईंना बघवेना.

‘थांबा. याचाच एक तुकडा टांगून बघू. पंधरा मिनिटं.’

न जळलेल्या कडेचा तुकडा त्यांनी कापला, रेघा ओढल्या, वजन लावलं. भट्टीचं दार बंद झाल्यावर दोघांनाही करण्यासारखं काही उरलं नाही. त्याने विचारलं, आत नेमकं काय चाललंय? ताईंनी सुटे धागे आणि गाठी समजावून सांगितल्या. आपल्याला एवढं सलग बोलता येतं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

‘म्हणजे संसारासारखंच की,’ तो म्हणाला. ‘गाठी कमी तर तापलं की ओघळतो, जास्त आवळल्या तर तुटतो.’

‘त्यातलं मला काही माहीत नाही,’ ताई म्हणाल्या.

‘मग सुखी आहात,’ तो म्हणाला.

चौथ्या मिनिटाला भट्टीतून ‘टण्ण’ असा आवाज आला. वजन तळाला टेकलं होतं. तुकडा लांबत लांबत चुलीवरच्या पाकासारखा तार होऊन तुटला होता. एकोणीस वर्षांत हा आवाज ताईंनी पाच-सहा वेळाच ऐकला असेल.

‘वाईट का?’ त्याने विचारलं.

‘वापरलेल्या मालाचा निकाल धरत नाहीत. ज्योतीने बिघडला असंही म्हणता येईल.’ त्यांनी हातमोजे काढले. ‘परवा या. सकाळी.’

तो गेल्यावर ताई स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअर सांभाळणारे आप्पा निवृत्तीच्या दाराशी आलेले गृहस्थ होते. त्यांच्या ताब्यातून टाचणीही सहजी सुटत नसे. त्याच बॅचचं एक रीळ अजून शिल्लक होतं, न ताणलेलं. ताईंनी आधी नेहमीप्रमाणे टोकाचा तुकडा कापून टांगला. छत्तीस. रजिस्टरमध्ये होतं तसंच. म्हणजे माल चांगला. मग जॉइंटरच्या नळीत काय होतं?

त्या परत स्टोअरमध्ये आल्या. ‘आप्पा, हे रीळ उलगडायचंय. मधला तुकडा हवाय.’

‘मधला?’ आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘चांगल्या रिळाचं पोट फाडायचं? काय वैर आहे तुमचं माझ्याशी?’

‘मी लिहून देते.’

‘द्याच. नाहीतर उद्या मलाच विचारतील, उंदीर झाले का म्हणून.’

रीळ उलगडायला दुपार गेली. मधला तुकडा भट्टीत टांगला. सहाव्या मिनिटाला रेघा साठ ओलांडून गेल्या. दुसरा तुकडा, तेच. तिसरा, तेच.

ताई स्टुलावर बसल्या. झोताच्या खोलीत रीळ सुरू होताना आणि संपताना यंत्र हळू चालतं, म्हणून टोकं झोताखाली जास्त वेळ राहतात, हे त्यांना माहीत होतं. नमुना टोकाचा घ्यायचा, हेही माहीत होतं. आधीच्या तपासनीसांनी कामाच्या पहिल्या दिवशी हातात सुरी देऊन तेच सांगितलं होतं: मधून कापलं तर रीळ वाया जातं, टोकाचं घ्या. या दोन गोष्टी एकोणीस वर्षं त्यांच्या डोक्यात होत्या, पण त्यांनी त्या कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. शितावरून भाताची परीक्षा करावी, हे ठीक. पण शीत दर वेळी पातेल्याच्या कडेचंच काढायचं आणि वर सही करायची?

मधला भागही बेताच्या वेगाने जात होता तोवर टोक आणि मध्य यांत फार फरक पडत नसावा. ताईंनी झोताच्या खोलीतल्या ऑपरेटरला गाठून विचारलं. तो म्हणाला, ‘आठ महिने झाले की वेग वाढवून. ऑर्डरी आल्या ना. तुम्हाला नाही सांगितलं?’ मग स्वतःच म्हणाला, ‘तुम्हाला कोण सांगणार म्हणा. आणि तुमच्याकडे पास होतंय म्हटल्यावर आम्ही कशाला बघतोय?’

म्हणजे आठ महिन्यांतलं प्रत्येक रीळ टोकाला घट्ट आणि मध्ये सैल. प्रत्येकावर ताईंची सही.

बुधवारी संध्याकाळी ताईंनी भावाला फोन केला. रविवार नसताना फोन आला म्हणून तो घाबरला.

‘काय गं? पडलीस-बिडलीस का?’

‘नाही. कामाचं विचारायचं होतं.’

त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता. भाऊ मध्ये मध्ये ‘हं, हं’ करत होता.

‘तुला कोणी विचारलं का?’ शेवटी तो म्हणाला.

‘नाही.’

‘मग तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? तो जॉइंटर तुझा कोण? सर्टिफिकेट आहे, रजिस्टर आहे. नाकासमोर बघून पाच वर्षं काढ. तू नोकरीवरून घरी बसलीस तर दिवसभर करशील काय, सांग बरं?’

हा प्रश्न त्याने सहज विचारला होता. ताईंनी त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला. दोन खोल्या, गॅलरीतल्या तीन कुंड्या, आईची रिकामी खाट. सकाळी आठला घराबाहेर पडायचं कारण म्हणजे ती भट्टी. ‘ताई’ म्हणून हाक मारणारी माणसं, मग ती पाठीमागे काहीही म्हणोत, तिथेच होती.

‘बरं, ठेवते,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनीशी बोलतेस?’

‘रविवारी बोलेन.’

गुरुवारी सकाळी त्यांनी क्वालिटीच्या साहेबांपुढे दोन पानी कागद ठेवला. साहेब पस्तिशीचे, हुशार आणि वागायला बरे होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, उठून दार लावलं.

‘ताई, बॅच कमजोर आहे हे मान्य करू. त्या माणसाचं काम होईल. पण दुसरं पान कशाला? टोकाचा नमुना, आठ महिने, सगळी रिळं... हे कोणी मागितलंय?’

‘पहिल्या पानाने त्याचं काम होणार नाही, साहेब. या बॅचचं आपलं सर्टिफिकेट वीज कंपनीकडे आहे. छत्तीस. पास. माझी सही. ते विचारतील, एकाच बॅचचे दोन निकाल कसे? खरा कुठला? ते सांगितलं नाही तर पहिलंच खरं धरतील. जाळली त्यानेच, म्हणतील.’

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. ‘हे बाहेर गेल्यावर तुमची सही चालणार नाही, कळतंय ना?’

‘कळतंय.’

‘आणि आठ महिन्यांचा माल?’

‘तो परत मागवावा लागेल. तेही लिहिलंय. खालून तिसरी ओळ.’

साहेबांनी सुस्कारा टाकला. मग म्हणाले, त्या जॉइंटरला भेटू नका, काही बोलू नका, जे जायचं ते ऑफिसातून जाईल. ताई ‘बरं’ म्हणाल्या. साडेदहाला तो आला होता, हे त्यांना नंतर कळलं. गेटवरच्या माणसाने त्याला सांगितलं, तपासणीच्या बाई भेटत नाहीत, वरून हुकूम आहे. तो थोडा वेळ सावलीत उभा राहिला आणि निघून गेला.

शुक्रवारी दोन्ही पानं वीज कंपनीकडे गेली. नव्याने टाइप केलेली, कारखान्याच्या छापील कागदावर, खाली साहेबांची सही. एकही ओळ गाळली नव्हती. तेवढा मोठेपणा साहेबांनी दाखवला, हे मान्य करावं लागेल.

पुढे जे व्हायचं ते झालं. यंत्राचा वेग उतरला. माल परत येऊ लागला आणि आप्पांच्या स्टोअरमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. जादा कामाचे तास बंद झाल्यामुळे झोताच्या खोलीतली माणसं ताई दिसल्या की बोलणं थांबवायची. आता प्रत्येक रीळ मधून कापलं जाऊ लागलं, म्हणजे पोट फाडण्याचा आप्पांचा शब्द रोजचा झाला. सहीसाठी एक इंजिनियर मुलगी आली. ती वरच्या मजल्यावर बसायची, आकडे संगणकावर बघायची आणि तिथूनच सही करायची. ताईंना काढलं नाही. तुकडे कापायला, रेघा ओढायला, टांगायला कोणी तरी हवंच होतं. काढलं असतं तर निदान चार लोकांनी हार घालून दोन शब्द बोलून पाठवलं असतं, असं एकदा त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ते लगेच झटकलं.

जॉइंटरचं लायसन्स वाचलं, असं साहेबांनी जाता जाता सांगितलं. तो काही पुन्हा आला नाही. येण्याचं त्याला कारणही नव्हतं. तरी काही दिवस पावणेअकराच्या सुमाराला कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की ताईंची मान वळायची. मग तेही थांबलं.

दोन महिन्यांनी एका सुटीच्या दिवशी ताई बसने चौथ्या चौकात गेल्या. तिथे काय बघायचं होतं, हे त्यांना सांगता आलं नसतं. सांधा जमिनीखाली हातभर खोल. वर डांबराचा एक काळा चौकोन, बाकीच्या रस्त्यापेक्षा नवा. त्यावरून गाड्या जात होत्या. त्या बघत उभ्या राहिल्या. मग एवढा वेळ नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून औषधांच्या दुकानात शिरल्या.

‘खोकल्याच्या गोळ्या द्या.’

दुकानदार बोलका होता. बाई बाहेर खड्ड्याच्या जागेकडे बघताहेत, हे त्याने पाहिलं होतं. ‘इथं वायर उडाली होती. दोन दिवस फ्रिज बंद, माझी इंजेक्शनं फुकट गेली. आता पक्कं केलंय.’

‘कोणी केलं?’

‘त्याच जॉइंटरने. बिचाऱ्याची नोकरीच जाणार होती. कारखान्याचाच माल खराब निघाला म्हणे. चहाला येऊन बसायचा, सांगत होता सगळं. तिथं तपासणीला एक बाई आहे. आधी गोड बोलली, परवा या म्हणाली, आणि परवा गेला तर भेटायलाच तयार नाही. स्वतःची सही वाचवायची ना! पण वरचा साहेब देवमाणूस निघाला. त्याने दोन पानं लिहून दिली, स्वतःच्या सहीनं.’ त्याने गोळ्यांची पट्टी कागदी पिशवीत टाकली. ‘असतात हो अशीही माणसं.’

ताईंनी पिशवी घेतली. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण मागून एक बाई लहान मुलाला कडेवर घेऊन पुढे सरकली आणि दुकानदार तिच्या चिठ्ठीकडे वळला.

तिचं होईपर्यंत ताई बाजूला उभ्या राहिल्या. मग दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं. ‘आणखी काही हवं होतं?’

‘त्यानंतर परत नाही ना गेली वीज?’

‘एकदाही नाही.’

‘बरं,’ ताई म्हणाल्या, आणि बसथांब्याकडे निघाल्या.